सांधणला आम्ही तिघी जाऊन आलो

अण्णा,

सांधणला जाऊन आले. 'मोठी झालीस की आपण दोघं जाऊ' म्हणाला होतात, ते राहूनच गेलं. मी मोठी झाले, बावन्न वर्षांची झाले, तुम्हाला जाऊनही चौदा वर्षं झाली, तेव्हा आणखी वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी गाडी काढली आणि गेले. आईला नेलं. आणि ती कोपरवाली, डोंबिवलीशेजारच्या कोपरची, जिचं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत, ती तर होतीच. तुम्ही घेतलं नाहीत म्हणून मीही इथे तिचं नाव लिहीत नाही, तुम्ही ठेवलेलंच वापरते. आमच्या घरात ते आता लाडाचं झालंय. सकाळी उठायला उशीर झाला की मी म्हणते, "कोपरवाली, ऊठ, पाणी जाईल." तुम्ही शिवी म्हणून दिलेला शब्द आम्ही तेवीस वर्षं घरात वापरतोय. क्षमा मागायला हे लिहीत नाहीये, करायलाही नाही. काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहितेय.

आम्ही दोघी घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर राहतो. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते. ती कल्याणच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवते, आमची ओळख झाली तेव्हापासून तोच धंदा. जानेवारीत तिला आणि मला एकाच वेळी सुट्टी मिळाली, हेच नवल. मी तंबू विकत घेतला. तुमच्या त्या खाकी ताडपत्रीच्या राहुट्यांसारखा नाही, दोन काठ्या आणि एक पिशवी, वजन तीन-साडेतीन किलो. बेत ठरला: माळशेज चढून वर पिंपळगाव जोग्याच्या तलावाकाठी एक मुक्काम, मग ओतूर-कोतूळवरून भंडारदऱ्याला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी सांधणची घळ. आईला फोनवर सहज सांगितलं, तीन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नकोस म्हणून. पलीकडून लगेच आवाज आला, "मी येते."

"आई, तंबू आहे. जमिनीवर झोपायचंय."

"मी गाडीत झोपेन. सीट मागे होते ना?"

"सगळीकडे संडास नसतात गं."

"ह्यांनी तीस वर्षं शिबिरं केली आणि तीस वर्षं मी त्या चिखलाच्या चड्ड्या धुतल्या. एकदा तरी विचारलं का, येतेस का म्हणून? आता मी अठ्ठ्याहत्तरची आहे. आता नाही तर कधी येऊ?"

याचं उत्तर तुमच्याकडे तरी असतं का? शाळेत तुम्ही विज्ञानाचे सर, पण डोंबिवलीत सगळे तुम्हाला शिबिरवाले सर म्हणायचे. दर दिवाळीनंतर चाळीस मुलं घेऊन तुम्ही डोंगरात जायचात, आणि घरी आई डबे भरून द्यायची. तिला न्यावं असं तुमच्या मनात आलंच नसेल. माझ्याही आलं नव्हतं, हे खरं आहे. तिने मागितलं म्हणून ती आली.

शुक्रवारी पहाटे निघालो तरी माजिवड्यालाच गाडी अडकली. डोंबिवलीत पोचेपर्यंत आई बिल्डिंगच्या गेटशी येऊन उभी होती. एक घडीची खुर्ची, झाकणाची बादली, गरम पाण्याची पिशवी, दशम्यांचा डबा, लसणाच्या चटणीची बरणी, आणि डोक्याला मफलर. तळमजल्यावरच्या काकू दूध घ्यायला बाहेर आलेल्या, त्यांनी विचारलं कुठे चाललात. "कॅम्पिंगला," आई इतक्या मोठ्याने म्हणाली की वॉचमनने वळून बघितलं. मग तिने कोपरवालीला मागच्या सीटवर ढकललं आणि स्वतः माझ्या शेजारी बसली. "मला पुढचं दिसायला हवं," म्हणाली.

मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला शिबिराला नेलं होतंत, आठवतं? सगळी मुलं आणि मी एकटी मुलगी. हेडमास्तरांनी हरकत घेतली तेव्हा तुम्ही म्हणालात, ती माझी जबाबदारी आहे. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तुम्ही मला तंबूची जागा निवडायला शिकवलीत. "आधी झोपून बघ, मग खुंटी ठोक." मी गवतात आडवी होते, पाठीखाली एक दगड लागतो, मी सरकते, पुन्हा आडवी होते, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे, चेहऱ्यावर हसू. मुलांना तुम्ही ओरडायचात, मला ओरडला नाहीत. रात्री उतार कुठे जातो, धरणाचं पाणी चढलं तर किती वर येतं, दोर कुठल्या कोनात ताणायचा, रीफ नॉट नावाची गाठ कशी मारायची, सगळं मला मुलांच्या आधी येत होतं आणि तुम्हाला त्याचा अभिमान होता. तेव्हाच तुम्ही पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवून सांगितलंत की त्यामागे एक घळई आहे, जमीन चिरल्यासारखी, आत दोन्ही बाजूंना भिंती आणि तळाला ऊन पोचत नाही. मुलांना नेत नाही, धोका आहे. तू मोठी झालीस की आपण दोघं जाऊ. परत आल्यावर तुम्ही मला सॅक आणून दिलीत. हिरवी, जाड कापडाची, माझ्या मापापेक्षा मोठी. "वाढशील तू," म्हणालात.

मुरबाडच्या पुढे चहाला थांबलो आणि मग घाट लागला. वळणांवर कोपरवालीला मळमळायला लागलं. आईने पर्समधून आवळासुपारी काढून न बघता मागे हात केला, तिने न बघता घेतली. मी आरशातून हे बघितलं आणि मला तो रविवार आठवला. तो मी कधी विसरलेच नव्हते, पण आईच्या शेजारी बसून कधी आठवला नव्हता. मी एकोणतीसची. आई चपात्या लाटतेय. कोपरवाली ओट्याशी उभी राहून चहा गाळतेय, दोन वर्षं आपल्याकडे येत-जात असल्यामुळे कप कुठे आहेत हे तिला विचारावं लागत नाही. तुम्ही हातात एक फोटो घेऊन आत येता. कल्याणचा मुलगा, इंजिनियर, पुढच्या रविवारी बघायला येणार. मी म्हणते, "अण्णा, मला लग्न करायचं नाही. मला हिच्याबरोबर राहायचंय."

"मैत्रिणी लग्नानंतरही राहतात."

"मैत्रीण नाही, अण्णा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिच्याकडे. तुम्हाला समजायला वेळ लागला नाही, तुम्ही हुशार होतात. तिने तुमच्यापुढे कप धरलेला होता. तुम्ही तो घेतलात, सिंकपाशी गेलात आणि सगळा चहा हळूहळू ओतून दिलात. कप विसळलात. पालथा घातलात. मग म्हणालात, "ही कोपरवाली पुन्हा या दारात दिसता कामा नये. आणि तुला तिच्याकडेच जायचं असेल तर सॅक माळ्यावर आहे." आईचं लाटणं थांबलं नाही. तेवीस वर्षांत मी तुमच्यावर जेवढी चिडले त्याहून जास्त त्या लाटण्यावर चिडले.

मी सॅक काढली. आतल्या खोलीत पलंगावर कपडे टाकून भरायला लागले, पुस्तकं खाली कोंबत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मला वाटलं, थांबवणार. तुम्ही म्हणालात, "जड सामान तळाला नाही, पाठीलगत घे. खांदे दुखतील." बस, एवढंच. मुलीला घराबाहेर काढताना कुणी असं बोलतं का, अण्णा? मी सगळं बाहेर काढलं आणि तुम्ही सांगितलंत तसं पुन्हा भरलं. याचा मला आजही राग येतो. लोकलमध्ये दिवा स्टेशनपर्यंत मी ती सॅक घेऊन उभी होते आणि खांदे दुखले नाहीत, याचाही येतो.

पिंपळगाव जोग्याचं पाणी जानेवारीत मागे सरकलेलं असतं. काठाची माती वाळून तडकलेली, तिच्यापलीकडे हिरवट पाणी, त्यात हरिश्चंद्रगडाची अख्खी बाजू उलटी पडलेली. आम्ही खिरेश्वरच्या अलीकडे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर जागा घेतली. मी जमिनीवर आडवी होऊन बघितलं. आई खुर्ची मांडून बसली आणि सूचना द्यायला लागली. "खुंटी तिरकी. तंबूपासून लांब झुकव. अगं, आत नाही, बाहेर!" तिला हे कुठून येतं म्हणून मी बघत राहिले. "तीस वर्षं जेवताना हेच ऐकलंय," ती म्हणाली. कोपरवाली दगडाने खुंट्या ठोकत होती, मी दोर ताणत होते, आणि सूर्य खाली जायच्या आत तंबू उभा राहिला. सरळ, एक सुरकुती नाही. तुमच्या चाळीस मुलांपैकी एकालाही इतका चांगला जमला नसता. आणि तो मी ज्या माणसासाठी लावला, त्या माणसाला तुम्ही उंबऱ्याबाहेर काढलं होतंत. तुमची सगळी विद्या मी तिच्यासाठी वापरते. घरात पडद्याचे दोर मी तुमच्याच गाठीने बांधलेत. ती आजारी पडली तेव्हा सलाइनची बाटली खिडकीला टांगली, तीही तुमच्याच गाठीने.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. धुकं पाण्यावरून सरकत होतं. शेतकऱ्याच्या बायकोने बाजरीच्या भाकऱ्या आणून दिल्या होत्या, कडक, कडा पापडासारख्या. आम्ही तिघी चुलीपाशी बसून खात होतो. आई कडकड आवाज करत भाकरी चावत होती आणि खुशीत होती. तिची कवळी कोपरवालीने केलेली आहे हे मला माहीत होतं, तुम्ही गेल्यावर आईचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं तेव्हाची. आई म्हणाली, "ह्यांनाही अशी कडकच लागायची. शेवटपर्यंत खाल्ली हो, हिच्यामुळे."

मी म्हटलं, "हिच्यामुळे म्हणजे?"

आईचा घास तोंडातच राहिला. तिने कोपरवालीकडे बघितलं. कोपरवाली भाकरीकडे बघत होती.

"सांगून टाका आता," ती आईला म्हणाली. "किती वर्षं पोटात ठेवायचं?"

मग त्या दोघींनी, एकमेकींची वाक्यं तोडत, मला सांगितलं. तुम्ही जायच्या चार वर्षं आधी तुमचे उरलेले दात काढले. डॉक्टर डोंबिवलीचा, पण त्याचं कवळ्यांचं काम जायचं कल्याणच्या लॅबला. एक दिवस तिच्या टेबलावर तुमच्या हिरड्यांचा साचा आला. चिठ्ठीवर तुमचं पूर्ण नाव.

"दोन दिवस तसाच ठेवला," ती म्हणाली. "मला काय करावं कळेना. दुसऱ्या कुणाला देता आला असता, आम्ही तिघं होतो कामाला."

"मग?"

"मग काय. प्लॅस्टरच्या हिरड्या होत्या, बाकी काय. झिजलेल्या. म्हाताऱ्या माणसाच्या असतात तशा. मी बसले करायला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, नको करू. किंवा म्हणाली असतीस, कर. दोन्ही मला नको होतं."

तुम्ही ती कवळी दोनदा परत पाठवलीत. टोचतंय म्हणून. तिने दोनदा घासून दिली. तिसऱ्या वेळी आई स्वतः कल्याणला गेली, डॉक्टरच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून लॅबचा पत्ता घेऊन. आत गेली तर समोर ही, ॲप्रन घातलेली, केसांवर पांढरी धूळ, हातात तुमचे दात.

"हिने मला स्टूल दिलं," आई म्हणाली. "पाणी दिलं.  मी कवळी पुढे केली आणि सांगितलं, उजवीकडे मागे लागते. हिने दिव्याखाली धरली, खसाखसा घासली, बोट फिरवलं, पुन्हा घासली. मला म्हणाली, आता नाही लागणार. मी उठले, दारापर्यंत गेले. मग परत फिरून विचारलं, माझी मुलगी जेवते का वेळेवर?"

"मी म्हटलं, नाही," कोपरवाली म्हणाली. "मी म्हटलं, ओरडावं लागतं."

त्यानंतर आई दर महिन्याला जायची, कवळीचं निमित्त सांगून. कधी कोलंबीचं लोणचं, कधी शेवग्याच्या शेंगा. ते मी घरी खात होते, लॅबमधल्या मैत्रिणीने दिलं असं समजून. आईच्या हातची चव मला ओळखू आली नाही, अण्णा. लग्न करत नाही म्हणून नव्हे, या एका गोष्टीसाठी मला रागावला असतात तर चाललं असतं.

मी उठून पाण्यापर्यंत चालत गेले. खूप चिडले होते. अठरा वर्षं या दोघींनी मला बाहेर ठेवलं, माझ्याच बापाच्या आणि माझ्याच आईच्या गोष्टीतून. चिखलाच्या ढेपा उचलून पाण्यात फेकल्या, चार-पाच. पाठीमागून कोपरवाली आली आणि थोडी लांब उभी राहिली. मी विचारलं, "रागाने एखादा दात वाकडा नाही लावलास?"

"मनात आलेलं," ती म्हणाली. "समोरचा. सगळ्यांना दिसेल असा."

मला हसू आलं. नको असताना आलं. ती पुढे म्हणाली, "पण मग लोकांनी विचारलं असतं ना, लॅब कुठली."

परत येऊन मी आईला एकच विचारलं, अण्णांना कळलं होतं का. आईने भाकरीचा तुकडा हातात फिरवला. "एकदा म्हणाले, ज्याने कुणी केलीय त्याचा हात चांगला आहे. मी म्हटलं, हो, चांगलाच आहे." मग म्हणाली, "त्याचा नाही, तिचा, असं ओठांवर आलं होतं. नाही बोलले. मला वाटलं, काढून ठेवतील, आणि मग पेज खात बसतील."

तर अण्णा, हे असं आहे. तिच्या हातचा चहा तुम्ही सिंकमध्ये ओतलात आणि मग चार वर्षं तिने घडवलेल्या दातांनी जेवलात. भाकरी चावलीत, चिक्की चावलीत, वर्गातल्या जुन्या मुलांना फोनवर उपदेश केलेत, माझं नाव निघालं की विषय बदललात, तोही त्याच दातांनी. ज्याचा हात चांगला म्हणालात तो हात तुम्ही घराबाहेर काढला होतात. मला याचा आनंद झाला. सूड म्हणा हवं तर. तिला मात्र झाला नाही. ती म्हणते, माप बरोबर बसलं एवढंच तिच्या लक्षात आहे.

ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ. रस्ता डोंगरांच्या मधून जातो, एका वळणाला पाणी दिसतं, दुसऱ्याला कांद्याची शेतं. दुपारी भंडारदऱ्याला पोचलो. तुमची जागा तुम्हाला ओळखू येणार नाही. पाण्याकाठी रंगीत तंबूंची रांग, प्रत्येकासमोर स्पीकर, कोळशावर चिकन. आम्ही रांगेपासून लांब, जांभळीच्या दोन झाडांपाशी गेलो. त्या दिवशी तंबू लावताना माझ्या मनात तुम्ही आलात आणि गेलातही. भांडणापुरतेही थांबला नाहीत. तंबू उभा राहिल्यावर आईने तळव्यांनी त्याचं कापड चाचपलं आणि म्हणाली, "आज मी आत झोपणार." आम्ही तिच्याखाली आमच्याही चटया घातल्या, गरम पाण्याची पिशवी पायाशी दिली. कोपरवालीने तिचे मोजे चढवले. मधोमध आई, दोन बाजूंना आम्ही. झोपायच्या आधी आई छताकडे बघत म्हणाली, "इतकं लहान असतं होय आतून? मला वाटायचं, ह्यांच्याकडे मोठं काहीतरी आहे."

थोड्या वेळाने, मला वाटलं झोपली, तर म्हणाली, "त्या दिवशी मी लाटणं थांबवायला हवं होतं."  माझ्याकडून एवढ्यात 'जाऊ दे' येत नव्हतं, आणि खोटं म्हणायचं नव्हतं. कोपरवालीने अंधारात आईचं पांघरूण नीट केलं.

रविवारी सकाळी घाटघरवरून साम्रदला गेलो. गाव डोंगराच्या कुशीत, शेणाने सारवलेली अंगणं, आणि त्यापलीकडे जमीन एकदम संपते. घळीत नेणारा माणूस चाळिशीतला, डोक्याला टॉवेल, हातात वही. आत जाणाऱ्यांची नावं तो लिहून घेतो, कुणी अडकलं तर कळावं म्हणून. नाव, गाव, सोबत कोण, नातं. आई म्हणाली मी तोंडापर्यंत येते, खाली उतरत नाही, म्हणून तिचंही नाव घेतलं. मग त्याने पेन माझ्याकडून कोपरवालीकडे नेलं. "आणि या तुमच्या कोण?"

मी उत्तर देण्याआधी आईने दिलं. "या दोघींचा संसार आहे. तेवीस वर्षांचा. आता वहीत काय लिहायचं ते तू बघ."

तो आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. कुठे तरी कोंबडा ओरडत होता.  त्याने पेन झटकलं, कारण ते उमटत नव्हतं, आणि लिहिलं. मी वाकून वाचलं: घरच्या. "चला," तो म्हणाला, "ऊन वर आलं की दगड तापतात. मावशी, तुम्ही काठी घ्या."

तुम्ही सांगितलं होतंत तशीच आहे घळ. आधी झाडी, मग दोन्ही बाजूंनी कातळ वर चढत जातो आणि आकाशाची पट्टी उरते. पायाखाली मोठे मोठे धोंडे, घरांएवढे काही, त्यांच्यावरून बसत, सरकत जायचं. आई तोंडाशी एका दगडावर काठी टेकून बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. एका जागी भिंती इतक्या जवळ येतात की मी हात पसरले आणि दोन्हीकडे बोटं लागली. दगड गार, ओलसर. पुढे पाण्याचा डोह लागला, गुडघ्याच्या वर. कोपरवाली पाण्यात उतरली आणि किंचाळली. तिचा आवाज भिंतींवर आपटत पुढे गेला. "माझे गुडघे गेले गं! कुणी सांगितलेलं इथे यायला?" मी तिचा हात धरला. पन्नाशीच्या दोन बायका, सलवारी वर खोचलेल्या, थंड पाण्यात हात धरून उभ्या. पुढे अजून बरीच घळ आहे, पार खाली कोकणात उतरते म्हणे. आम्ही डोहाच्या पलीकडे एका धोंड्यावर बसलो, दोन दशम्या खाल्ल्या, आणि मागे फिरलो. तेवढंच बघायचं होतं. तुमच्याबरोबर आले असते तर तुम्ही मला शेवटपर्यंत उतरवलं असतं आणि मी उतरलेही असते, जमलं नाही म्हणायची हिंमत झाली नसती. तिच्याबरोबर मला पाहिजे तिथे थांबता आलं.

परत येऊन आठवडा झाला. तंबू धुऊन बाल्कनीत वाळवून ठेवलाय. आई डोंबिवलीत सगळ्यांना सांगत सुटलीय, मार्चमध्ये पुन्हा जायचं म्हणते, दुसरा तलाव बघ. कोपरवाली आत्ता आतल्या खोलीत झोपलीय, दुपारची. मी जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिलं. तिला दाखवणार नाही, आईलाही नाही, आणि तुमच्यापर्यंत तर ते जाणारच नाही. तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय उठता येत नाहीये. वर मी लिहिलंय की साम्रदला मी उत्तर देण्याआधी आईने दिलं. ते खरं आहे. पण माझं उत्तर काय होतं ते मी लिहिलं नाही. माझे ओठ उघडले होते, अण्णा. 'मावसबहीण' असं मी म्हणणार होते. सोसायटीत तेच सांगितलंय, हॉस्पिटलच्या फॉर्मवर तेच लिहिलंय, ते तोंडात इतकं बसलंय की आपोआप येतं. एवढं मोठं तुमच्याशी भांडत आले आणि डोंगरातल्या एका अनोळखी माणसासमोर मी घाबरले. तुमची बायको नाही घाबरली.